डोंगर आधी मोबाईलवर पाहिला, मग पायांनी चढलो



आमचे गाव आंबेगाव तालुक्यात, मंचरपासून थोड्या अंतरावर. जुन्नर आम्हांला परके नाही. पाहुण्यांकडे लग्नाला, बाजाराला, कधी तहसीलच्या कामाला आम्ही जुन्नरला जात आलो. शिवनेरीचा डोंगर एसटीच्या खिडकीतून किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही. पण त्या डोंगरात आणि आजूबाजूच्या डोंगरांत आपल्या धम्माचा दोन हजार वर्षांचा ठेवा आहे, तो दाखवायला मुलाबाळांना घेऊन एकदाही गेलो नव्हतो. रोजगार बुडवून डोंगर पाहायला कोण जातो, असे म्हणता म्हणता वर्षे निघून गेली.

निमित्त झाले मोबाईलचे. एका रविवारी विहारात वंदना झाली आणि पोरे कोपऱ्यात मोबाईलभोवती गोळा झाली. आमचा भाचा कॉलेजात शिकतो. त्याने जगाचा नकाशा दाखवणारे संकेतस्थळ उघडले होते. बोट फिरवले की पृथ्वीचा गोळा फिरतो, दोन बोटे फाकवली की गाव जवळ येते. गूगल अर्थ नावाची ही सोय २००५ साली निघाली, आता ती साध्या मोबाईलवरही चालते. भाच्याने आधी मुलांना अमेरिकेतला एल कॅपिटन नावाचा कडा दाखवला. सुमारे नऊशे मीटर उंचीचा सरळसोट दगड. २०१५ साली नामांकित गिर्यारोहकांनी कॅमेरा घेऊन तो चढून त्याची चित्रे घेतली. त्यामुळे आता घरात बसूनही त्या कड्यावर लटकल्यासारखे वाटते. मुलांनी श्वास रोखून पाहिले.

मग भाचा म्हणाला, "आता आपला डोंगर बघा," आणि त्याने शिवनेरी काढला. वरून पाहताना गड त्रिकोणी दिसतो, एका टोकाला निमुळता होत गेलेला. माथ्यावरची तळी दिसतात, इमारती दिसतात. पलीकडे कुकडी नदी आणि नदीपल्याड लेण्याद्रीचा डोंगर. आमची आई मागे बसून हे सारे पाहत होती. तिने चष्मा सावरला आणि विचारले, "आरं, पण लेणी कुठायत?"

भाच्याने नकाशा मोठा केला, लहान केला. लेणी दिसेनात. थोड्या वेळाने त्याच्याच लक्षात आले. हे चित्र आकाशातून घेतलेले. लेणी असतात डोंगराच्या उभ्या कड्यात. वरून पाहणाऱ्याला कड्याची नुसती रेघ दिसते. लोकांनी काढून टाकलेले फोटो त्याने मग उघडून दाखवले. त्यात खांब दिसले, स्तूप दिसला. आईने ते पाहिले आणि म्हणाली, "ह्यात हात कुठं लावता येतोय? मला जाऊन बघायचंय."

आईचे वय सदुसष्ट. गुडघे दुखतात. पण तिने आयुष्यात कधी काही मागितले नाही, म्हणून तिचे हे मागणे मोडवेना. जानेवारीतला एक रविवार ठरवला. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याच्या बाटल्या बांधून आमची दोन कुटुंबे, लहानथोर मिळून नऊ जण, सकाळीच मंचरहून एसटीत बसलो. २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे घरातल्या बायाही मोठ्या संख्येने निघाल्या. नारायणगावला उतरून जुन्नरची गाडी धरली. दोन्ही बाजूंना ऊस, कांदा, टोमॅटो. याच मातीत आपली माणसे मजुरीने राबतात, हे सांगायला नको.

जुन्नरला एवढी लेणी का, हा प्रश्न मुलांनी गाडीतच काढला. त्याचे उत्तर रस्त्यात आहे. कोकणातील कल्याण आणि सोपारा या बंदरांवरून माल निघे, तो नाणेघाट चढून जुन्नरला येई आणि पुढे देशावर जाई. नाणेघाटात सातवाहनांच्या काळातील मोठा शिलालेख आजही आहे. व्यापारी, कारागीर आणि भिक्खू याच वाटेने चालत. पावसाळ्याचे महिने भिक्खू एका जागी राहत. त्यांच्या वर्षावासासाठी लोकांनी डोंगरात निवारे कोरून दिले. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा लेणी मिळून येथे पावणेदोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी भारतात दुसरीकडे क्वचितच सापडतील. येथे बुद्धमूर्तीपेक्षा स्तूपालाच मान आहे, कारण बहुतेक लेणी मूर्ती घडवण्याची प्रथा रुळण्याच्या आधीची आहेत.

आधी शिवनेरी. आई पायथ्याशी सावलीत बसली. तिच्याजवळ आमची धाकटी बहीण थांबली. बाकीचे आम्ही वर निघालो. वाट पायऱ्यांची आहे आणि एकामागून एक सात दरवाजे लागतात. १९ फेब्रुवारी १६३० रोजी या गडावर शिवरायांचा जन्म झाला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत शिवनेरीही आहे. रविवार असल्याने गर्दी होती. भगवे फेटे बांधलेली शाळकरी पोरे घोषणा देत दरवाजे चढत होती. आमच्या पोरांनीही त्यांच्या आवाजात आवाज मिसळला.

परंतु गड होण्याच्या किती तरी शतके आधी हा डोंगर भिक्खुसंघाचा होता. शिवाई देवीचे मंदिर आहे तेथेही मूळची लेणीच आहेत. कड्याच्या निरनिराळ्या बाजूंनी लेण्यांच्या रांगा आहेत. त्यांतील काहींकडे जाणारी वाट फार घसरणीची. बरोबर लहान मुले होती, म्हणून आम्ही तो हट्ट धरला नाही. मोबाईल तेव्हा उपयोगी पडला. पायऱ्यांच्या कडेला दगडावर बसून भाच्याने शिवनेरीच्या कड्यातील चैत्यगृहाचे फोटो दाखवले आणि तेथील शिलालेखाचा अर्थ वाचून दाखवला. वीरसेनक नावाच्या गृहस्थाने हे चैत्यगृह दान दिले. गृहपतींचा तो प्रमुख होता. दान कशासाठी, तर सर्व लोकांच्या हितासाठी आणि सुखासाठी. एवढेच लिहिले आहे. तथागतांनी भिक्खूंना दिलेला बहुजनांच्या हितसुखाचा आदेश आपण विहारात दर रविवारी ऐकतो. तोच विचार आपल्या घरापासून दोन तासांच्या वाटेवर दगडात कोरलेला आहे, हे समजल्यावर आम्ही थोडा वेळ गप्पच बसलो.

माथ्यावर गंगा-जमुना नावाची पाण्याची टाकी आहेत. उन्हाने तापलेल्या माणसाला ते थंड पाणी पाहूनच बरे वाटते. आमच्या मुलीने विचारले, "एवढ्या उंचीवर पाणी कसं?" दगडात खोल कोरलेली टाकी, झिरपून आणि पावसात साठलेले पाणी, असे आम्ही सांगितले. मग तिला आणखी एक गोष्ट सांगितली. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले होते. प्रवासाने सारे धुळीने माखलेले. दाराशी असलेल्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले, तेवढ्यावरून पाणी बाटवले म्हणून आरडाओरडा झाला. शेवटी किल्ल्यात जाऊ दिले ते पाण्याला शिवणार नाही या अटीवर, आणि बरोबर शिपाई देऊन. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. २० मार्च १९२७ ला महाडचे चवदार तळे झाले होते, तरी सात वर्षांनी हे घडले.

मुलगी दुसरीकडे पाहत होती. मग म्हणाली, "आणि लेण्यातल्या पाण्याला काय म्हणायचे?" शिलालेखांत त्याला पोढी म्हटले आहे. जुन्नरच्या लेखांत पोढीचे दान पुन्हा पुन्हा येते. कोणी लेणे दिले आणि सोबत पोढी दिली. इरिल नावाच्या एका यवनाने, म्हणजे ग्रीक वंशाच्या माणसाने, दोन पोढी दिल्या. चित नावाच्या दुसऱ्या यवनाने संघाला जेवणासाठी मंडप दिला. नहपान या क्षत्रप राजाचा अमात्य अयम याने मानमोडीच्या डोंगरात पोढी आणि मंडप दिला. परदेशी माणूस येथे येऊन तहानलेल्यांसाठी दगड कोरून पाणी ठेवतो, आणि त्याच महाराष्ट्रात पुढे पाण्याला शिवायची बंदी होते. मधल्या काळात काय बिघडले, याचा विचार मुलांनी मोठेपणी करावा म्हणून ही गोष्ट तेथे, टाक्याजवळच सांगितली.

दुपारी खाली येऊन भाकरी खाल्ली आणि लेण्याद्रीला निघालो. जुन्नरपासून पाचेक किलोमीटर. कुकडी ओलांडली की गोळेगाव, आणि समोर डोंगरात लेण्यांची दक्षिणमुखी रांग. लहानमोठी तीस लेणी एका ओळीत आहेत. त्यांतल्या एका मोठ्या विहारात गिरिजात्मज गणपतीचे मंदिर असल्याने येथे अष्टविनायकाच्या यात्रेकरूंची वर्दळ असते. पायथ्यापासून पक्क्या पायऱ्या आहेत, तीनशेच्या जवळपास.

आईसाठी आम्ही डोलीची चौकशी केली. चार माणसे खांद्यावर खुर्ची घेऊन वर नेतात. आईने डोलीवाल्यांकडे पाहिले. त्यातला एक तिच्याच वयाकडे झुकलेला होता. ती म्हणाली, "मी डोक्यावर पाट्या वाहिल्यात. दुसऱ्याच्या खांद्यावर बसून मी नाय जायची." डोलीवाले हसले आणि म्हणाले, "चढा आज्जी, दमानं चढा."

दहा पायऱ्या आणि बसणे, असे करत ती चढली. नातवंडे पायऱ्या मोजत होती आणि वानरांपासून पिशव्या सांभाळत होती. अर्ध्या वाटेवर आम्हांला वाटले, आता हिला परत न्यावे. पाय थरथरत होते. तिला तसे म्हटले तर तिने उत्तरच दिले नाही, फक्त पुढच्या पायरीवर पाय ठेवला. पाऊण तासाने आम्ही वर पोचलो.

वर आधी विहार पाहिला. मंदिर झालेला हा सभामंडप भलामोठा आहे. सतरा मीटरहून अधिक लांब आणि साडेपंधरा मीटर रुंद, आणि मध्ये एकही खांब नाही. भोवती भिक्खूंच्या खोल्या, एकूण वीस. भाविकांची रांग होती, आरती चालू होती. आम्ही वाद घालायला आलो नव्हतो. बाजूला उभे राहून मुलांना खोल्या मोजायला सांगितल्या आणि भिक्खू कसे राहत ते समजावले. दर्शनाला आलेल्या एक ताई ऐकत होत्या. त्यांनी विचारले, "या खोल्या कसल्या म्हणालात?" सांगितले तर त्याही आपल्या मुलाला घेऊन मोजायला लागल्या.

मग सहा क्रमांकाच्या लेण्यात गेलो. हे चैत्यगृह. खांबांच्या माथ्यावर हत्ती आणि सिंह कोरलेले. आत स्तूप. छत कमानदार, जुन्या लाकडी घरांच्या वाशांसारख्या कमानी दगडातच काढलेल्या. आम्ही सर्वांनी पंचशील म्हटले. त्या दगडी पोकळीत नऊ माणसांचा आवाज नव्वदांसारखा घुमला. त्यानंतर भाच्याने मोबाईलवर लेखाचा अर्थ काढला. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याने हे चैत्यगृह दान दिले. हेरणिक म्हणजे सोन्याचा व्यवहार करणारा. आपले लोक रोज लोकलने ज्या कल्याणहून कामाला जातात, त्याच कल्याणचा माणूस. चौदा क्रमांकाचे चैत्यगृह कपिलाचा नातू, तापसाचा मुलगा आनंद याने दिले. त्याचे छत मात्र सपाट आहे.

ही अक्षरे धम्मलिपीतली. ती वाचण्याची किल्ली जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ साली शोधली. जुन्नरचे लेख जेम्स बर्जेस आणि आपल्याकडचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ साली प्रसिद्ध केले. त्या लेखांत मोठ्या लोकांबरोबर कष्टकऱ्यांच्याही श्रेणी, म्हणजे त्या काळच्या संघटना, भेटतात. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींचीही नावे येतात. त्यांच्याकडे रक्कम ठेवायची आणि त्या उत्पन्नातून संघाचा खर्च भागवायचा, अशी व्यवस्था होती. संघाचा पैसा ज्यांच्या हाती विश्वासाने ठेवावा, असा बांबूकाम करणाऱ्यांचा त्या काळी मान होता. पुढच्या काळात हातकाम करणाऱ्यालाच हलके ठरवले गेले, हे आपण सारे जाणतो.

आम्ही हे ऐकत असताना आई मात्र तेथे नव्हती. ती बाहेर एका लहान, साध्या लेण्याच्या भिंतीशी उभी होती. तळहात दगडावर फिरवत होती. आम्ही जवळ गेलो तर म्हणाली, "हे बघ छिन्नीचं घाव. तिरकं मारल्यात. वरनं खाली येत गेल्यात. आधी छत केलंय, मग भिंत, मग खाली."

आईचे म्हणणे खरे होते. लेणी वरून खालीच कोरतात. छत आधी पुरे करायचे म्हणजे उंचावर काम करण्यासाठी परांची बांधावी लागत नाही. उभा राहायला खालचा न फोडलेला दगडच असतो. मानमोडीच्या डोंगरात भूत लेणीच्या गटात एक चैत्यगृह अर्धवट राहिले आहे. कामाचा क्रम तेथे पाहायला मिळतो. पुस्तके वाचणाऱ्यांनी हे अभ्यासाने शोधले. आमच्या आईने तळहाताने ओळखले.

ओळखणारच. १९७२ च्या दुष्काळात ती चौदा वर्षांची होती. शाळा कधीच सुटली होती. दुष्काळी कामावर रस्त्यासाठी खडी फोडायची, मिलोची भाकरी खायची आणि सुकडीची वाट पाहायची. पुढे बरीच वर्षे तिने दगडाचेच काम केले. घरात हे ती कधी बोलत नसे. त्या भिंतीशी उभी राहून ती प्रथमच नातवंडांशी बोलली. हातोडा चुकला की बोट कसे काळे पडते, डोळ्यात कपच जाऊ नये म्हणून तोंड कसे फिरवायचे, खडीचा ढीग मोजायला माणूस आला की कसे तो कमीच मोजायचा. मग तिने विचारले, "त्या लेखात देणाऱ्याचं नाव हाय. कोरणाऱ्याचं?"

आम्ही ऐकलेल्या एकाही लेखात ते नव्हते. भाचा मोबाईल हातात घेऊन तसाच उभा राहिला. आई म्हणाली, "मस्टरवर माझं तरी नाव व्हतं. पुढं अंगठा."

आता ती सही करते. साक्षरता वर्गात शिकली. आमच्या मुलीने तेव्हा आजीचा हात धरला आणि छिन्नीच्या घावांवर ठेवून फोटो काढला. त्या संकेतस्थळावर लेण्याद्रीचे शेकडो फोटो आहेत. त्यांत खांब आहेत, स्तूप आहे, पायऱ्या आहेत. हात लावलेला फोटो आम्हांला त्यात दिसला नव्हता. मुलीने तो तेथे टाकला आणि खाली लिहिले की हे लेणे वरून खाली कोरले आहे, माझ्या आजीने ओळखले.

निघताना एक प्रसंग घडला, तो सांगितला पाहिजे. लेण्यांच्या भिंतींवर लोकांनी खिळ्याने नावे कोरून ठेवली आहेत. आमचा धाकटा मुलगा नऊ वर्षांचा. त्याने एक टोकदार दगड उचलला. आम्ही रागावलो तर म्हणाला, "शिलालेख म्हणजे पण नावंच की!" क्षणभर उत्तर सुचेना. आजीनेच त्याला जवळ घेतले. म्हणाली, "त्यांनी आधी दिलं, मग नाव लिवलं. तू काय दिलंस?" पोराने दगड खाली टाकला.

उन्हे कलायच्या आत आम्ही उतरलो, कारण जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्याचा वावर असतो आणि अंधार पडल्यावर मुलांना घेऊन फिरणे बरे नाही. पायथ्यावरून वळून पाहिले तर लेण्यांची रांग सांजेच्या उन्हात उजळली होती.

ज्यांना सहकुटुंब जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हिवाळा बरा. सकाळी लवकर निघावे. मुंबईकडच्या मंडळींना कल्याण, मुरबाड, माळशेज घाट हा रस्ता सोयीचा, पुण्याकडून नारायणगावमार्गे यावे. लेण्याद्रीला पुरातत्त्व खात्याचे तिकीट आहे. पाणी आणि भाकरी सोबत असावी, कचरा परत आणावा. कड्यांवर मधमाश्यांची पोळी असतात, म्हणून अगरबत्ती, धूर आणि आरडाओरडा टाळावा. वेळ असल्यास तुळजा लेणी चुकवू नका. तेथे गोल चैत्यगृह आहे, बारा अष्टकोनी खांबांच्या मधोमध स्तूप. जाण्याआधी मोबाईलवर डोंगर जरूर पाहा, लेखांचे अर्थ उतरवून घ्या, म्हणजे तेथे गेल्यावर काय पाहायचे ते कळते. आणि घरातल्या ज्या माणसाने दगडाचे, मातीचे, बांधकामाचे काम केले आहे, त्याला बरोबर न्या. गुडघे दुखत असले तरी विचारून पाहा.

पुढच्या रविवारी विहारात आईभोवती बाया जमल्या होत्या. मोबाईल तिच्या हातात होता. नकाशातला लेण्याद्री तिने स्वतः बोटाने जवळ आणला आणि म्हणाली, "हितनं काय दिसत नाय. मी सांगते, ऐका."

आता मानमोडीला जायचे ठरले आहे. तिच्या बरोबरीच्या चार जणींनी नावे दिली आहेत.

जय भीम!